पालकांचं समुपदेशन : ऑनलाइन चालेल, की समोरासमोरच हवं?

माणदेशी

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या घरात मुलाशी बोलणं तुटलंय, त्या घरातल्या आई-वडिलांनी ऑनलाइन समुपदेशन लगेच सुरू करावं. मूल बसायला तयार असो वा नसो. "तो तयार झाला की जाऊ" म्हणत वर्ष निघून जातं.

माझा पुतण्या लातूरला नीटच्या क्लासला होता. दिवाळीला घरी आला तो परत जाईना. खोलीचं दार लावून बसायचा, ताट दाराशी ठेवावं लागायचं. डॉक्टरांचं नाव काढलं की दादा उसळायचा, "पोराला वेड लागलंय का?" आटपाडीहून सांगली गाठायची तर एसटीनं अख्खा दिवस मोडतो, आणि कोण कुठल्या डॉक्टरकडे गेलं ते गावाला संध्याकाळपर्यंत कळतं. शेवटी पोरगा झोपल्यावर दादा-वहिनी स्वयंपाकघरात मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून बसले, एकाच इअरफोनची एकेक बाजू दोघांच्या कानात. समुपदेशक बाईंनी विचारलं, "जेवताना त्याच्याशी काय बोलता?" मार्कांशिवाय दोघांनाही काही आठवेना. मग बाईंनी एकच काम दिलं : पंधरा दिवस घरात अभ्यास, क्लास, फी यातलं काही काढायचं नाही. दादाला ते किती जड गेलं ते मी बघितलंय. पण पोरगा ताट घेऊन बाहेर यायला लागला, आणि पुढे स्वतःहून बैठकीलाही बसला.

टोमणे, तुलना, घरातले नियम, हे सगळं मोठ्यांच्या हातात असतं. म्हणून सुरुवात मोठ्यांपासून होऊ शकते, आणि त्यासाठी ऑनलाइन पुरतं. पैशाची अडचण असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

निशा_ठाणे

माणदेशी, तुमच्या पुतण्याचं चांगलं झालं याचा खरंच आनंद आहे. पण तुमच्या दादांकडे पोरगा झोपल्यावर बसायला वेगळं स्वयंपाकघर होतं. आमच्याकडे दीड खोली. भाचीचं समुपदेशन ऑनलाइन झालं तेव्हा पडद्याआड आजी होती, बाथरूमपाशी भाऊ. ती प्रत्येक प्रश्नाला "हो, ठीक आहे" म्हणत राहिली आणि कॅमेऱ्यात बराच वेळ फक्त पंखा दिसत होता. समोरच्या ताई काय करणार? त्यांना आजी दिसलीच नाही.

कुटुंबाला एका खोलीत बसवलं की कोण कोणाच्या शेजारी बसतं, कोण कोणाचं वाक्य तोडतं, आई बोलताना मुलगी कुठे बघते, हे न सांगता दिसतं. बापाचा पाय हलायला लागला की जाणकार माणूस तिथेच थांबतो. मोबाइलवर बापाचं कपाळ दिसतं. कुटुंबाचं काम करायचं तर कुटुंब दिसायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.

शिवाय पोरं हुशार असतात. आई-बाबा रात्री कुजबुजत कोणाशी बोलतात ते त्यांना कळतं. माझी तक्रार चाललीये, हाच अर्थ ती काढतात. मग उरलासुरला विश्वासही जातो.

नदीकाठ

दोघांनीही एक गोष्ट सोडली. पलीकडे बसलेला माणूस कोण आहे? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. ती क्रमांकासह मागता येते, मागावी. पण स्वतःला 'पेरेंटिंग कोच' म्हणवणाऱ्याकडे काय मागणार? चार दिवसांचा कोर्स करूनही इन्स्टावर पाटी लावता येते.

दुसरं, अ‍ॅप. बेटरहेल्प हे ऑनलाइन समुपदेशनातलं जगातलं मोठं नाव. लोकांनी विश्वासानं भरलेली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांना दिली असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यांच्यावर ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरायला लावले. मुलाबद्दल काहीही लिहिण्याआधी ती माहिती कुठे साठते, कोणाला दिली जाते, एवढं तरी वाचा.

समुपदेशक_नाशिक

मी हेच काम करते, दोन्ही पद्धतींनी. निशाताई म्हणतात ते रोज अनुभवते. म्हणून पहिल्या बैठकीत मी आधी विचारते : घरात आत्ता कोण कोण आहे, दार लागतं का, आवाज कुठवर जातो? मोबाइल लांब ठेवून सगळे जण चौकटीत बसा असं सांगते. प्रत्येकाशी वेगळं बोलते. मुलांशी एक खुणेचं वाक्य ठरलेलं असतं. "उद्या टेस्ट आहे" असं मूल म्हणालं की मी समजते, कोणीतरी ऐकतंय. मग विषय बदलायचा.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, पण मूल जे सांगेल ते सगळं पालकांच्या कानावर घालणं माझं काम नाही. हे पालकांना आधीच सांगावं लागतं आणि अनेकांना ते रुचत नाही. जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल तर मात्र मी गप्प बसू शकत नाही. अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, स्क्रीनवर कळलं तरी.

एक अडचण मात्र मला अजून सुटलेली नाही. खोलीत कोणी रागानं उठलं तर दारापर्यंत जाईस्तोवर त्याला थांबवता येतं. मोबाइलवर लाल बटण दाबलं की संपलं, आणि उरलेलं भांडण माझ्याशिवाय पुढे चालू राहतं. त्या वेळी मला फार असहाय वाटतं.

सावली

नेमकं याच कारणासाठी माझा विरोध आहे, आणि तो मी सौम्य करणार नाही. मी बायकांच्या तक्रारींवर काम करते. मारहाण होणाऱ्या घरात नवरा-बायकोची एकत्र ऑनलाइन बैठक घेऊच नये. ती जे बोलेल त्याची किंमत कॉल संपल्यावर पाच मिनिटांत मोजावी लागते. मोबाइल त्याचा, रिचार्ज त्याचा, कॉलची यादी तो बघतो. अशा बाईला बाजाराच्या निमित्तानं घराबाहेर पडून कोणापुढे तरी बसता येणं हीच सुरक्षितता असते. टाटा समाजविज्ञान संस्थेनं (टिस) १९८४ मध्ये मुंबईत महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष थेट पोलिसांच्या आवारात सुरू केला, तो उगाच नाही. तिथे तिला एक जागा मिळते आणि तिच्या पाठीशी यंत्रणा आहे हे नवऱ्यालाही दिसतं. घाईची वेळ असेल तर महिला हेल्पलाइन १८१.

श्टुटगार्टकर

परदेशातली बाजू मांडतो. आईला स्मृतिभ्रंश, ती पुण्यात. मी इथे, बहीण बंगळुरूला. आईला कोणी सांभाळायचं यावरून आम्ही भावंडं एकमेकांशी बोलेनासे झालो होतो. आम्हाला एका खोलीत बसवणं कोणाला शक्यच नव्हतं. तीन शहरांतून, मराठीत, एकाच पडद्यावर ते बोलणं झालं. माझ्यासाठी 'ऑनलाइन की समोरासमोर' असा पर्यायच नव्हता.

मुलीच्या शाळेतल्या त्रासासाठी मात्र मी पुण्याच्या समुपदेशकाकडे गेलो नाही. इथली शाळा, इथले नियम त्यांना कसे ठाऊक असणार? जर्मनीत पालकांसाठी स्थानिक सल्लाकेंद्रं असतात, तीही मोफत. परदेशी राहणाऱ्यांनी आधी तिथे विचारावं.

माणदेशी

सावलीताई, मारहाणीच्या बाबतीत तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. तिथे माझा आग्रह नाही.

निशाताई, तुमच्याशी मात्र मतभेद आहे. खोलीत बसवून काम चांगलं होतं हे खरं, पण त्या खोलीपर्यंत दादा आलाच नसता. "आधी समोर या, मग बघू" ही अट घातली की आमच्या भागात बापमाणूस त्यातून सुटतो आणि सगळं आईवर येतं.

निशा_ठाणे

बापाला आणायची ही वाट असेल तर मोठ्यांपुरता माझा विरोध मागे घेते. मुलांसाठी नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला बोलायला घराबाहेरची जागा हवीच. शाळेत अर्धा तास रिकामा वर्ग मिळाला तरी चालेल, तिथून ती मोबाइलवर बोलली तरी चालेल. पण आजीच्या पडद्यापलीकडे बसवून नको. नाशिकच्या ताई, तुम्ही शाळांना असं कधी विचारून पाहिलंय का?

समुपदेशक_नाशिक

विचारलंय. एका शाळेनं ग्रंथालय दिलं, शनिवारी दुपारी. दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, पालकांचं पत्र आणा. ते पत्र द्यायला पालक तयार नाहीत, कारण मग शाळेला कळेल. त्या मुलीशी मी सध्या तिच्या मावशीच्या घरून बोलते.