परत अ‍ॅडमिट व्हावं लागतं ते गोळ्या सोडल्या म्हणूनच?

निशाचर:
मानसोपचाराच्या वॉर्डातून बरा होऊन आलेला माणूस काही महिन्यांत परत तिथेच गेला की सगळे एकच म्हणतात, गोळ्या सोडल्या असणार. मला हे अर्धवट वाटतं. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक, आत्महत्येचा धोकाही तेव्हाच जास्त, आणि नेमकं तेव्हाच त्याच्याकडे बघायला कोणी नसतं, कागद हातात दिला, पुढची तारीख लांबची, विषय संपला.

कडुनिंब:
अर्धवट काय त्यात? २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारावरच्या औषधांच्या बऱ्याच ट्रायल्सचा एकत्र हिशोब आला होता, औषध चालू असलेल्यांपैकी १० टक्के परत अ‍ॅडमिट झाले, प्लासिबोवाल्यांपैकी, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी, २६. आधी गोळ्या, मग बाकीच्या गप्पा.

निशाचर:
प्लासिबोवरचे बहुतेक जण परत गेलेच नाहीत की मग! आणि गोळ्या का सोडतात ते पण बघा ना, वजन वाढतं, दिवसभर गुंगी, आपल्याला काही झालंय हेच पटत नाही, वर दारू किंवा गांजा असला तर बघायलाच नको. शिवाय घर. १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञांना लंडनमध्ये दिसलं की आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांपेक्षा भाड्याच्या खोलीत राहणारे जास्त टिकले. सतत टोमणे, नाहीतर सतत काळजी, दोन्ही बाधतं.

थकलेलीताई:
म्हणजे आता आम्हीच आजारी पाडतो का?? भावाचं सगळं मी बघते, रात्र रात्र जागून दुसऱ्या दिवशी कामावर जायचं आणि वर गोड बोलायचं, एकदा तुम्ही करून दाखवा.

निशाचर:
ताई, दोष देत नाहीये. घरच्यांना आजार नीट समजावून दिला, त्यांना आधार दिला तर रिलॅप्स, म्हणजे आजार उलटणं, कमी होतात, हेही सिद्ध झालंय. पण ते करतं कोण?

कडुनिंब:
त्यापेक्षा बाहेर आल्यावरही औषधाची कायद्याने सक्ती करा.

निशाचर:
इंग्लंडमध्ये करून बघितली. २०१३ ची ऑक्टेट ट्रायल याच सक्तीवर होती, वर्षभरात सक्तीच्या गटातले ३६ टक्के परत अ‍ॅडमिट आणि दुसऱ्या गटातलेही ३६च.

कडुनिंब:
बरं, सक्ती राहू दे. पण महिन्याचं इंजेक्शन तरी द्या, निदान डोस चुकला हे लगेच कळतं. आधी चार-पाचदा अ‍ॅडमिट झालेल्याचा धोका सगळ्यात जास्त, त्याला डिस्चार्जनंतर हॉस्पिटलमधून फक्त चौकशीचा फोन करून काय होणार?

थकलेलीताई:
इंजेक्शन चालेल. पण तो फोनसुद्धा आम्हाला कधी आलेला नाही.