हिरवळीवरील ही लष्करी अळीच आहे का? मदत हवी आहे
नमस्कार. आमच्या हिरवळीवर आठवड्याभरात तपकिरी चट्टे पडले असून ते रोज कडेने पसरत आहेत. पाणी कमी पडले असावे असे प्रथम वाटले; परंतु पाती कुरतडलेली, काही ठिकाणी पापुद्र्यासारखी पारदर्शक झालेली दिसली आणि साबणाचे पाणी ओतल्यावर काही मिनिटांतच अळ्या वर आल्या. त्यांच्या डोक्यावर उलट्या ‘वाय’सारखी फिकट खूण असून शेपटीजवळ ४ काळे ठिपके चौकोनात आहेत. गवत ओढल्यास गालिच्यासारखे सहज उचलले जात नाही, म्हणून हुमणी (जमिनीत राहून मुळे खाणारी अळी) नसावी. अळ्या सुमारे ३ सेंटीमीटर लांब आहेत. या अवस्थेत फवारणीचा उपयोग होईल का, की त्या लवकरच कोषात जातील? मुळे जिवंत असल्यास गवत पुन्हा फुटेल का, हेही कृपया सांगावे.