विस्मरणावर अळंबी कितपत उपयोगी?

प्रश्न (कुडाळ): माझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत. गॅसवर दूध ठेवल्याचे त्या विसरतात, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. नातेवाइकांनी लायन्स मेन या अळंबीच्या कॅप्सूल पाठवल्या आहेत. आपली वारुळावरची अळंबीही तितकीच गुणकारी असते, असे शेजारी म्हणतात. शिवाय नशा आणणाऱ्या अळंबीचाही मेंदूला फायदा होतो, असे वाचनात आले. यातले खरे किती?

उत्तर (रत्नागिरी): लायन्स मेनमधील हेरिसेनोन आणि एरिनासिन या संयुगांमुळे चेतापेशींच्या वाढीला लागणारे प्रथिन अधिक तयार होते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. माणसांवरचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. जपानमधील २००९ च्या चाचणीत सौम्य विस्मरण असलेल्या ३० जणांपैकी निम्म्यांना रोज ३ ग्रॅम भुकटी १६ आठवडे दिली, तेव्हा त्यांचे चाचणीतील गुण वाढले. पण भुकटी थांबवल्यावर चार आठवड्यांतच ते घसरले. सिंगापूरमध्ये ६० वर्षे व त्यावरील ६६३ जणांच्या पाहणीत आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा अळंबी खाणाऱ्यांमध्ये सौम्य स्मृतिदोषाची शक्यता निम्मी आढळली, आणि त्यात बाजारात मिळणारी धिंगरी व बटन अळंबीही होती. तरीही ज्यांची स्मृती शाबूत आहे तेच नीट रांधून खातात, असेही असू शकते.

उत्तर (सावंतवाडी, डॉक्टर): नशेच्या अळंबीतील सायलोसायबिन हा घटक मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींवर (ते रसायन जिथे जोडले जाते त्या जागांवर) काम करतो. २०२२ च्या २३३ जणांच्या चाचणीत, इतर औषधांना दाद न देणारे नैराश्य २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेने तीन आठवड्यांनी लक्षणीय कमी झालेले दिसले. हे संशोधन नैराश्याचे आहे, विस्मरणाचे नव्हे, आणि भारतात हा पदार्थ १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतो. तो विचार सोडून द्यावा. आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. यांतल्या बिघाडानेही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. त्या रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल देऊ नका.

उत्तर (राजापूर): वारुळावरच्या अळंबीचा देठ मुळासारखा खोल वारुळात गेलेला असतो, ती ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्यावी. चांदीचा चमचा काळा पडला नाही म्हणजे अळंबी बिनविषारी, ही समजूत साफ खोटी आहे. अमॅनिटा या अळंबीच्या कुळातील जहाल जातींचे विष शिजवूनही जात नाही आणि उलट्या बहुधा सहा तासांनंतर सुरू होतात, तोवर विष यकृतापर्यंत पोचलेले असते.

प्रश्नकर्ती: त्या रक्त पातळ करणारी गोळी घेतात. कॅप्सूल बाजूला ठेवल्या आहेत; तपासण्या याच आठवड्यात करून घेते.