सगळ्यात जास्त उपयोग कागदपत्रांच्या पेटीचा

घरच्या सर्व्हरवर, म्हणजे घरीच चालू ठेवलेल्या संगणकावर, कुठलं सॉफ्टवेअर सगळ्यात उपयोगी पडतं, या प्रश्नावर वर बहुतेकांनी फोटो आणि सिनेमांचे सर्व्हर सुचवलेत. तेही माझ्याकडे आहेत, पण घरच्यांनी आपणहून वापरायला घेतलं ते एकच: पेपरलेस-एनजीएक्स, म्हणजे स्कॅन केलेली कागदपत्रं साठवायचं आणि शोधायचं सॉफ्टवेअर, आमची 'पेटी'. खरं सांगायचं तर रिकामा पडलेला जुना लॅपटॉप कामाला लावायचा, एवढ्याच हेतूने बसवलं होतं.

स्कॅन केलेला कागद ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकला की ते त्यातला मजकूर ओळखतं आणि शोधता येईल अशी पीडीएफ करून ठेवतं. मूळ फाइलही तशीच राहते. मजकूर ओळखायचं काम त्यातलं टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर करतं. ते १९८०च्या दशकात एचपीत सुरू झालं आणि २००५ साली मुक्त स्रोत झालं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला झाला. मराठी कागद असतील तर सेटिंगमध्ये इंग्रजीच्या जोडीला मराठी भाषा आठवणीने घाला. मी घातली नव्हती, आणि पहिले पन्नासेक कागद अगम्य अक्षरांत वाचले गेले. हस्ताक्षराच्या बाबतीत मात्र फार आशा धरू नका.

मिक्सरची वॉरंटी संपायला चार दिवस असताना 'मिक्सर' एवढंच टाइप केलं आणि पावती समोर! दुकानाच्या कागदी पावतीवरची शाई तोवर पार उडाली होती. त्या दिवसापासून घरात "पेटीत टाकलंस का?" हा रोजचा प्रश्न झालाय.

एक सूचना: बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. पेपरलेसची डॉक्युमेंट एक्सपोर्टर ही आज्ञा फाइलींसोबत त्यांना लावलेले टॅगही (ओळखीच्या चिठ्ठ्या) बाहेर काढते. आणि हे थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका, बाहेरून लागलंच तर वायरगार्ड (घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारं व्हीपीएन) वापरा.