स्ट्रॉबेरीची फळं झाडावरच सडतायत, काय करू?

राम राम मंडळी. भिलारजवळ २० गुंठे विंटर डॉन जातीची स्ट्रॉबेरी आहे, ऑक्टोबरची लागण, बेड, मल्चिंग (बेडवरचा प्लास्टिक कागद), ठिबक सगळं आहे. गेल्या आठवड्यात आभाळ आलं, एक सर पडून गेली अन् तेव्हापासून सकाळचं धुकं हटतच नाही, आता रोज तोडणीला पाटीभर फळ फेकून द्यावं लागतंय. देठाकडनं तपकिरी होतं, मऊ पडतं अन् दुसऱ्या दिवशी वर राखेसारखी लव. दुकानदाराने दिलेली दोन औषधं मारून झाली, फरक शून्य. मजूर मिळेना म्हणून सडकी फळं सरीतच पडलीत.

उत्तर १
दादा, सगळं दुखणं त्या सरीत पडलेल्या सडक्या फळांत आहे. ही करडी बुरशी, बोट्रायटिस. ती लव हाताला लागली की धूर उडावा तशी उडते बघा, ते सगळे बीजाणू. ते फुलावर बसतात, फुलातनं कोवळ्या फळात शिरतात अन् फळ पिकेपर्यंत गप्प राहतात. म्हणून सडलेल्या फळावर औषध मारून काय उपयोग, फवारणी फुलोऱ्यात पाहिजे. आधी सडकी फळं अन् वाळकी पानं उचला, प्लॉटबाहेर खड्ड्यात गाडा.

उत्तर २
लव नक्की करडीच आहे ना? आमच्याकडे मल्चिंग फाटलं होतं तिथली मातीला टेकलेली फळं सडली, पण ती चामड्यासारखी चिवट अन् चवीला कडू, लव नाहीच. तो फायटोफ्थोरा नावाच्या दुसऱ्या रोगाचा प्रकार, त्याचं औषध वेगळं. दोनचार फळं ओल्या कागदासोबत पिशवीत बांधून ठेवा, बोट्रायटिस असेल तर एकदोन दिवसात करडी लव दाट होते.

उत्तर ३
नत्र जास्त सोडताय का भाऊ? पाला दाटला की आत वारा खेळत नाही, दव दुपारपर्यंत सुकत नाही. दव उठल्याशिवाय तोडणी नको, ओलं फळ पनेटमधे (विक्रीच्या छोट्या डबीत) भरलं की बाजारात पोचेपर्यंत शेजारचीपण जातात. फवारणी संध्याकाळी, मधमाशा गेल्यावर. आणि फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचं ते लेबलवर वाचा, लोक हे फळ न सोलता खातात!

मूळ प्रश्नकर्ता
काल घरच्या चौघांनी मिळून सऱ्या साफ केल्या, नऊ पाट्या निघाल्या. लव करडीच आहे. अन् लेबल वाचायला म्हणून दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर कंपनी वेगळी, नाव वेगळं, आतला घटक एकच 😑