डिसेंबरच्या सुटीत ग्वाल्हेरहून वन्यजीव पाहायला कोठे जावे?

ठाटीपूरची सून (प्रश्न)

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या नणंदबाई, त्यांचे यजमान आणि दोन मुले पुण्याहून आमच्याकडे ग्वाल्हेरला येत आहेत. किल्ला, जयविलास राजवाडा आणि तानसेनांची समाधी त्यांनी मागच्या खेपेस पाहिली असल्यामुळे या वेळी मुलांनी जंगलात जाण्याचा हट्ट धरला आहे. त्यातही धाकटा सात वर्षांचा असून त्याला चित्ताच पाहायचा आहे. हाताशी दोन दिवस आहेत आणि एक रात्र बाहेर काढायला कोणाची हरकत नाही. अडचण अशी की सासूबाईही बरोबर येणार आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि भल्या पहाटे उघड्या जिप्सीत धक्के खात फिरणे त्यांना झेपणार नाही. कूनो, शिवपुरीचे माधव उद्यान, चंबळ आणि भरतपूर अशी चार नावे घरात चर्चेत आहेत. चंबळ म्हटले की नणंदबाईंना अजूनही डाकूच आठवतात, ते वेगळेच. मुले आणि वडीलधारी माणसे यांना घेऊन यांपैकी कोठे जाऊन आलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दानाओळीकर

सूनबाई, चारही ठिकाणे चांगली आहेत, परंतु तुमच्या मंडळींचा विचार करता मी निःसंकोचपणे चंबळ सुचवेन. जंगलात जनावर दिसेल की नाही हे नशिबावर असते. चंबळेवर मात्र थंडीचे दिवस आपल्या बाजूने असतात, कारण घडियाल (लांब, अरुंद तोंडाची सुसर) आणि मगर यांना अंगात ऊब आणण्यासाठी पाण्याबाहेर येऊन उन्हात पडावेच लागते. ऊन चांगले वर आले की वाळूच्या पट्ट्यांवर ते तासन्‌तास हलत नाहीत आणि नावेत बसल्या बसल्या सासूबाईंनाही स्पष्ट दिसतात. जगातील सर्वाधिक घडियाल आज याच नदीत आहेत. ही जात नामशेष होण्याच्या बेतात आल्यावर 1975 साली केंद्र सरकारने मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला आणि त्यानंतर काही वर्षांतच मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांतून जाणारा चंबळेचा पट्टा अभयारण्य म्हणून घोषित झाला.

मुलांना आधी मुरैन्याजवळच्या देवरी केंद्रात न्यावे. तेथे नदीकाठच्या घरट्यांतून आणलेली अंडी उबवून पिल्ले हौदांत वाढवतात आणि ती सुमारे 1.2 मीटर लांबीची झाली की नदीत सोडतात, कारण नदीत जन्मलेल्या पिल्लांपैकी फारच थोडी मोठी होतात. घरटी मार्च-एप्रिलमध्ये होतात व पिल्ले जूनमध्ये बाहेर येतात, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा त्या वर्षीची पिल्ले सहा महिन्यांची असतील. ही पिल्ले जवळून पाहिल्यानंतर नदीवर चार-पाच मीटर लांबीचा नर दिसला की मुलांना त्या आकाराचा खरा अर्थ कळतो. पूर्ण वाढलेल्या नराच्या नाकाच्या टोकाला मडक्यासारखा उंचवटा असतो, त्यावरून तो लगेच ओळखू येतो. त्याचा जबडा अरुंद असतो, कारण तो मुख्यतः मासे खातो. मगरीचे तोंड रुंद असते आणि तिच्यापासून मात्र खरोखर सावध राहावे लागते. काठावर दोन्ही दिसल्यास मोठ्या मुलाला फरक शोधायला सांगावे.

घाटावरून नावेपर्यंत पोहोचणे हाच सासूबाईंच्या दृष्टीने एकमेव कठीण भाग आहे. हिवाळ्यात पाणी खाली गेलेले असते, त्यामुळे उतार आणि थोडी वाळू चालावी लागते. वनविभागाच्या माणसांना आधीच विचारून घ्यावे आणि हातात काठी असू द्यावी.

डाकूंविषयी नणंदबाईंना सांगावे की 1972 साली मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शेकडो बागींनी शस्त्रे ठेवली, त्याला आता अर्धशतक उलटले. बीहड (नदीकाठच्या मातीच्या खोल घळी) आहेत, आणि ते नावेतून फार देखणे दिसतात.

कंपूवाला

दानाओळीकर काकांचे म्हणणे बरोबर आहे, तरी मोठ्या मुलाला जंगलाची एक फेरी हवीच असणार, त्यामुळे दुसऱ्या दिवसासाठी मी शिवपुरी सुचवतो. प्रथम कूनोविषयी. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून 8 आणि फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून 12 चित्ते तेथे आले, पुढे तेथेच बछडेही जन्मले. तथापि, उद्यान सुमारे 748 चौरस किलोमीटरचे आहे, पर्यटकांना त्याच्या थोड्याच भागात नेतात आणि चित्ता गवतात बसला तर दहा पावलांवरूनही नजरेस पडत नाही. शिवाय ग्वाल्हेरहून जाताना तीन तासांहून अधिक वेळ गाडीतच जातो. धाकट्याला चित्त्याचे वचन देऊन तेथे नेणे म्हणजे परतीच्या वाटेवर रडारड ओढवून घेणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवपुरी सुमारे 115 किलोमीटरवर आहे आणि एका रात्रीच्या मुक्कामास सोयीची आहे. माधव उद्यानात मार्च 2023 मध्ये वाघ आणून सोडण्यात आले आणि मार्च 2025 मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघाची आशा धरू नये, कारण त्यांची संख्या अजून मोजकीच आहे. चितळ, सांबर, नीलगाय आणि चिंकारा यांवर समाधान मानणारी मुले असतील तर जिप्सीची एक फेरी पुरेशी होते. माझ्या दृष्टीने मुख्य आकर्षण सख्यासागर तलाव आहे. 2022 साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आणि हिवाळ्यात तेथे बदकांची मोठी गर्दी असते.

मुले जिप्सीने जंगलात जातील तेव्हा सासूबाईंना छत्रीवर, म्हणजे शिंदे घराण्याच्या स्मारकांच्या आवारात, बसवता येईल. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (पहिले) आणि त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांच्या संगमरवरी छत्र्या तेथे समोरासमोर आहेत, आणि आपल्याकडच्या वयस्कर मंडळींना तेथे जंगलापेक्षा अधिक रमलेले मी पाहिले आहे. तुमचा दिवस बुधवारी येत असेल तर आधी चौकशी करावी, कारण राज्यातील व्याघ्र प्रकल्पांत त्या दिवशी दुपारची फेरी बंद ठेवण्याची प्रथा आहे.

जिवाजीगंजची पक्षीवेडी

भरतपूरकडे दोघांनीही दुर्लक्ष केले, म्हणून लिहिते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी भरतपूरच्या केवलादेवसारखे सोयीचे उद्यान आपल्या परिसरात दुसरे नाही. आत सपाट डांबरी रस्ता आहे, सायकल रिक्षा मिळते आणि रिक्षावाले पक्षी ओळखून दाखवतात. मोठा मुलगा सायकल घेऊन मागून येऊ शकतो. जेमतेम 29 चौरस किलोमीटरच्या या जागेला 1985 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सारस, चित्रबलाक आणि असंख्य बदके एकाच वेळी नजरेसमोर असतात. सायबेरियन क्रौंच मात्र 2002 नंतर आलेले नाहीत, त्यामुळे जुन्या आठवणी सांगणाऱ्यांवर विसंबू नये. केवलादेव मंदिराजवळ शिकारींची नोंद कोरलेले दगड आहेत. 1938 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेल्याचे त्यावर वाचायला मिळते. मुले तेथे बराच वेळ उभी राहतात आणि भरपूर प्रश्न विचारतात. धौलपूरमार्गे जाताना तीन तासांहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे मुक्काम मात्र करावा लागेल.

ठाटीपूरची सून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरात विचार करून पहिल्या दिवशी देवरी व चंबळ आणि दुसऱ्या दिवशी शिवपुरी, असे ठरत आले आहे. भरतपूर स्वतंत्र सहलीसाठी राखून ठेवत आहोत, कारण सासूबाईंना एवढा प्रवास सलग नको. धाकट्याला चित्त्याऐवजी घडियालाचे चित्र दाखवून आम्ही तयारी सुरू केली आहे. एक शंका उरते. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे पडणारे धुके पाहता सकाळी किती वाजता निघावे?

दानाओळीकर

नऊच्या आधी मुळीच निघू नये. दाट धुक्यात आग्रा रस्त्यावरचे ट्रक अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, आणि ऊन पडेपर्यंत घडियालही वाळूवर येत नाहीत, म्हणून लवकर पोहोचण्यात काहीच लाभ नाही. देवरीला साडेदहाच्या सुमारास पोहोचून बाराच्या आसपास नावेत बसावे. धुके रेंगाळले आणि ऊन पडलेच नाही तर फोन करून नाव चालू आहे का ते विचारावे. अशा दिवशी शिवपुरी आधी आणि चंबळ दुसऱ्या दिवशी, असा क्रम बदलता येईल. यासाठी शिवपुरीतील खोलीचे बुकिंग तारीख बदलता येईल असे घ्यावे.

नावेत वारा फार बोचतो. सासूबाईंसाठी शाल, कानटोपी आणि बसायला जाड उशी न्यावी, मुलांना लाइफ जॅकेट घालायला लावावे आणि वाळूच्या पट्ट्याजवळ जाताना नावाड्याला इंजिन बंद करायला सांगावे, कारण आवाज झाला की घडियाल सरकन पाण्यात उतरतो. डॉल्फिन पाहायचा असेल तर खोल पाण्याकडे लक्ष ठेवून थांबावे. तो श्वास घेण्यापुरताच क्षणभर वर येतो, म्हणून कॅमेऱ्याच्या मागे लागू नये. दुर्बीण नसेल तर कळवा, माझी घेऊन जा. परतताना मुरैन्यात गजक (तिळाची मिठाई) घ्यायची झाली तर गाडीतील एखाद्याने उतरून आणावी. सर्वांनी उतरू नये, नाहीतर अंधारात धुक्यातून परतावे लागेल.