शब्दचर्चा : ‘क्रूप’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा (दादर)

माझ्या वीस महिन्यांच्या मुलाचे संध्याकाळपासून नुसते नाक वाहत होते. रात्री दोनच्या सुमारास त्याला असा काही खोकला सुरू झाला की सोसायटीतले कुत्रे जिना चढून वर आले असे मला झोपेत वाटले. दवाखान्याच्या कागदावर ‘क्रूप’ असे निदान लिहिलेले होते. सासूबाईंनी ‘म्हणजे डांग्या खोकलाच की’ असा अर्थ लावला, तोच शब्द पाळणाघरापर्यंत पोहोचला आणि इतर पालक घाबरून गेले. या आजाराला मराठीत नेमका शब्द आहे का?

प्रतिसाद (परळ, लहान मुलांच्या विभागात काम करणारी)

रूढ झालेला एक शब्द माझ्या ऐकण्यात नाही. आम्ही वॉर्डात ‘क्रूप’च म्हणतो. मात्र डांग्या खोकला हा शब्द येथे सर्वस्वी चुकीचा आहे. तो जिवाणूंमुळे होतो, त्यात खोकल्याची उबळ थांबता थांबत नाही, उबळीच्या शेवटी मूल हूप असा आवाज करून श्वास ओढते आणि हे आठवडेच्या आठवडे चालते. क्रूप बहुतेक वेळा विषाणूंमुळे, त्यांतही पॅराइन्फ्लुएन्झा या गटातील विषाणूंमुळे होतो, सहा महिने ते तीन वर्षे या वयात अधिक आढळतो, रात्री बळावतो आणि बहुधा तीन ते सात दिवसांत ओसरतो. त्यात सूज येते ती स्वरयंत्राच्या लगेच खाली. तेथील कूर्चा अंगठीसारखी चहूबाजूंनी बंद असल्यामुळे सुजेला बाहेर पसरायला जागा नसते आणि ती आतल्या वाटेवरच येते. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीत सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली, तर व्यास दोन मिलिमीटर उरतो, म्हणजे वाटेचे क्षेत्रफळ चौथाई होते. मोठ्या माणसाचा ज्या सर्दीत नुसता घसा बसतो, त्याच सर्दीत लहान मुलाचा श्वास का अडकतो, हे या हिशेबावरून लक्षात येईल.

प्रतिसाद (गिरगाव, निवृत्त भाषाशिक्षक)

मूळ शब्दही आवाजावरूनच आलेला आहे. स्कॉटलंडच्या बोलीत घोगऱ्या आवाजात ओरडणे या अर्थाचे ते क्रियापद होते, आणि एडिंबरोचे वैद्य फ्रान्सिस होम यांनी 1765 साली या विषयावर पुस्तक लिहिल्यानंतर ते वैद्यकात स्थिरावले. तेव्हा घटसर्पाचे रुग्णही याच नावाखाली मोडत असत. फ्रान्समध्ये ब्रेतोनो या वैद्यांनी 1826 साली घटसर्पाला वेगळे नाव दिले, त्यानंतर दोन्ही आजार हळूहळू निराळे झाले. म्हणून जुन्या इंग्रजी पुस्तकातला ‘क्रूप’ वाचताना तो कोणता हे पाहावे लागते.

‘डांग्या’च्या धर्तीवर ‘भुंक्या खोकला’ असा शब्द करता येईल असे मला सुचते.

प्रतिसाद (मुलुंड)

शब्द ऐकायला ठसठशीत आहे, पण आपल्याकडे ‘भुंकणे’ माणसाला लावले की ती शिवी होते. नातवाबद्दल असे बोलायला एकही आजी धजणार नाही. ‘कुत्र्याच्या आवाजासारखा खोकला’ एवढे म्हटले तरी पुरते.

प्रतिसाद (परळ)

मला त्या शब्दाची अडचण निराळीच वाटते. नाव खोकल्यावर ठेवले की सगळ्यांचे लक्ष खोकल्याकडे राहते, आणि पाहायचा असतो तो श्वास. रात्री फोन करणारे पालक ‘घरघर होते आहे’ म्हणतात, ‘घुरघुर’ म्हणतात, कधी ‘शीळ वाजते’ म्हणतात, आणि या तिन्हींचा अर्थ एक नाही. घुरघुर पुष्कळदा नाकातल्या शेंबडाची असते. दम्यातली शीळ मुख्यतः श्वास सोडताना ऐकू येते. क्रूपमधला कर्कश, ओढल्यासारखा आवाज मुख्यतः श्वास आत घेताना येतो. ‘घरघर’ तर मी स्वतः टाळते, कारण ‘घरघर लागली’ हे आपण शेवटच्या घटकेविषयी बोलतो आणि ते ऐकून आईच्या पायांतले बळ जाते. तेव्हा शब्द कोणताही वापरा, पण आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, आणि मूल शांत असतानाही येतो की रडतानाच, या दोन गोष्टी सांगा. रडताना किंवा धावतानाच येत असेल तर आजार बहुधा सौम्य असतो. शांत बसलेल्या मुलाचा श्वास वाजत असेल, गळ्याखालचा खळगा किंवा बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, लाळ गिळता येत नसेल किंवा मूल मलूल पडत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे किंवा 108 वर फोन करावा.

विचारणा करणारी (दादर)

सासूबाईंनी त्या रात्री निलगिरीचा वाफारा द्यायची तयारी केली होती. तो द्यावा का?

प्रतिसाद (परळ)

देऊ नये. वाफेने क्रूपमध्ये फरक पडतो असे सिद्ध झालेले नाही, आणि मुंबईच्या लहान स्वयंपाकघरात उकळत्या पाण्याच्या पातेल्यापाशी रडते मूल धरणे म्हणजे भाजण्याला निमंत्रण आहे. मुलाला मांडीवर ताठ बसवून शांत करावे, कारण रडण्याने श्वास जोरात ओढला जातो आणि अरुंद वाट आणखी आवळते. गार हवेने काहींना उतार पडतो, त्यामुळे खिडकीशी किंवा गॅलरीत नेऊन बसायला हरकत नाही. घशात चमचा घालून पाहू नये. डॉक्टर सहसा डेक्सामेथासोनचा एक डोस तोंडाने देतात. त्याने सूज काही तासांत उतरू लागते. त्रास जास्त असेल तर ॲड्रेनलिनची वाफ यंत्राने देतात, पण तिचा परिणाम दोनेक तासांत ओसरत असल्यामुळे मुलाला त्यानंतरही काही तास थांबवून घेतात. ‘लवकर बरे वाटले, मग सोडत का नाहीत’ अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो, त्याचे कारण हे आहे. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत, आणि खोकल्याच्या औषधाने सूज उतरत नाही.

विचारणा करणारी (दादर)

पाळणाघराच्या वहीत मी ‘क्रूप; डांग्या खोकला नव्हे’ असे लिहून दिले. खाली सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात ‘श्वास घेताना आवाज आला तर लगेच फोन करणे’ अशी ओळ जोडली आहे.